सातवी कवडी

मी एका माणसाचं पत्र चौदा दिवस माझ्या ट्रंकेत लपवून ठेवलं, कारण त्याची दैवी शक्ती अजून परत आली नव्हती.

झालं ते एवढंच. पुढचं सगळं या एका वाक्याचं लांबण आहे. पण ते लावल्याशिवाय मी किती मूर्ख होतो याचा नीट अंदाज यायचा नाही, म्हणून लावतो.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मोलगीच्या पलीकडे, दीड तासाच्या पायवाटेवर, एका पाड्याच्या शाळेत आम्ही तिघे मास्तर होतो. शाळेला लागून कुडाची एक खोली, तिच्यात तिघांच्या वळकट्या. एकदा आषाढ लागला की खालच्या जगाशी संबंध आठवड्याच्या मोलगीच्या बाजारापुरता. मीठ-तेल तिथूनच आणायचं, आणि आमचं टपालही तिथल्या एका दुकानदाराकडे येऊन पडलेलं असायचं.

तिघांत वडीलधारे आप्पा. पेन्शनला टेकलेले, आणि तोवर शक्य तितकं कमी हलायचं असा निश्चय केलेले. दुसरा म्हसावदचा, माझ्याच वयाचा, माझ्याहून दिसायला बरा. तिसरा मी. आपसांत आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे बहुतेक शाळेच्या मराठीत लिहितोय, पण काही वाक्यं अशी आहेत की ती शाळेच्या मराठीत आणली तर त्यांची धार जाते.

पत्ते होते. पण त्या साली उंदरांनी बदामची राणी आणि चौकटची तीन पानं खाल्ली. त्यानंतर आप्पा हरले की म्हणायचे, "माझी राणी उंदरानं नेली, नाहीतर दाखवलं असतं." असल्या पत्त्यांवर किती दिवस काढणार? तेव्हा मी एक खेळ शोधून काढला. या शोधाचा मला फार गर्व होता.

खेळ असा. दोघांनी देव व्हायचं. कुठल्या पोथीतले नव्हेत, आमचे आम्ही घडवलेले. आप्पा धान्याचा देव, म्हसावदचा मास्तर पावसाचा. त्याला मी तेव्हापासून पाऊसदेवच म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. आणि मी म्हणजे सृष्टी. मी सांगायचो, "अमक्या गावात तीन वर्षं दुष्काळ पडलाय, माणसं तुझ्या दारी आलीत, काय करतोस?" तो म्हणायचा, "पाऊस पाडतो." मग सात कवड्या टाकायच्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर पाऊस, कमी पडल्या तर नुसते ढग. ज्याच्याकडे शक्ती आहे त्यानं टोपीत मोरपीस खोवायचं. शाळा सुटल्यावर दोन मोठी माणसं टोपीत मोरपिसं खोवून कवड्या खुळखुळवत बसायची, आणि पाड्यावरची माणसं कुडाच्या फटीतून बघून न हसता निघून जायची. त्यांचं ते न हसणं मला पुढे कित्येक वर्षं आठवायचं.

प्रत्येक देवाला एक व्रत होतं. ते मोडलं की शक्ती गेली, माणूस मर्त्य झाला. धान्यदेवाचं व्रत ताटात काही टाकायचं नाही; ते आप्पांनी जन्मतःच घेतलेलं होतं. पाऊसदेवाचं व्रत, दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही. सृष्टीला व्रत नव्हतं. सृष्टीला कशाला? हे सगळं मी एका वहीत कलमवार लिहून काढलं होतं. त्यात आप्पांनी स्वतःचं एक कलम घालायला लावलं: शक्ती असलेला देव पाणी भरत नाही.

पाणी खालच्या नाल्यावरून आणावं लागे. दोन हंडे, चिकणमातीची चढण, मध्ये धरायला एकही झाड नाही. तोवर आम्ही पाळीपाळीनं जायचो. नवं कलम झाल्यावर दोन्ही देव सुटले, सृष्टी तर सुटलेलीच होती. मग पाणी कोण भरणार? आठ दिवस आम्ही पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला तंबाखू देऊन भागवलं. तंबाखू संपली. कोणीतरी मर्त्य होणं गरजेचं झालं.

आता खरं सांगतो. मर्त्य कोण व्हावं हे मी आधीच ठरवलं होतं, आणि त्याचं कारण पाणी नव्हतं.

पाऊसदेवानं त्या उन्हाळ्यात तापीकाठच्या एका गावी मुलगी पाहिली होती. पाहणं आमच्याकडे पाचदहा मिनिटांचं असतं. याचं सांगणं चार महिने चाललं होतं. चहाचा ट्रे घेऊन ती आली तेव्हा कुत्रं याचा एक जोडा तोंडात धरून ओट्यावरून पळालं, आणि ती सगळ्यांसमोर खुदकन हसली. बस. "मास्तर, मंडळीत हसली, शे का नही हिम्मत?" हे मी निदान तीस वेळा ऐकलं. मुलीकडचे पत्रानं कळवणार होते. बाजार करणं माझ्याकडे होतं; दर बाजाराला तो मला वाटेपर्यंत पोचवायला यायचा आणि संध्याकाळी तिथेच उभा असायचा. मला त्याआधी दोन ठिकाणाहून नकार आले होते. एक पत्रानं, आणि दुसरा पत्रानंही नाही.

तर नवरात्राच्या पहिल्या दिवशी मी खेळात एक म्हातारी आणली. ती पाऊसदेवाच्या दारी आली. पाऊस मागितला, त्यानं दिला. ढग मागितले, दिले. वीज मागितली, दिली. मग मी म्हातारीच्या आवाजात म्हणालो, "बाबा, तुन्हं मोरपीस दे."

तो हसायचा थांबला. मोरपीस म्हणजे शक्तीच. दिलं तर गेलीच. नाही म्हटलं तर व्रत मोडलं, म्हणून गेली. आप्पांनी तपकीर ओढता ओढता माझ्याकडे पाहिलं. त्यांना डाव कळला होता आणि आवडलाही होता.

शेवटी तो म्हणाला, "नाही."

मी उठून त्याच्या टोपीतलं पीस उपटलं.

"दिलं असतं तरी गेलंच असतं ना?"

"गेलंच असतं."

"ठीक. मग परत कसं मिळतं?"

मी वही उघडली. एकूण नऊ कलमं होती; शक्ती कशी जाते तेही होतं. परत येण्याचं एकही नव्हतं. ते लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण सृष्टीनं असं कबूल करायचं नसतं. मी वहीत बोट ठेवून, वाचल्यासारखं करत म्हणालो, "सातही कवड्या उताण्या. रोज तीनच वेळा टाकायच्या."

"आणि तोवर पाणी," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजार. दुकानदारानं माझ्या हातात पाकीट ठेवलं. पाऊसदेवाचं नाव, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. कुंकू म्हणजे शुभवार्ता, त्यात काय आहे हे न फोडताही कळत होतं. वाईट बातमीचं पत्र असतं तर मी धावत नेलं असतं, एवढा तरी मी माणूस होतो. पण चांगली बातमी काय नासते? मी पुऱ्या दीड तासाच्या वाटेवर बेत रचला. हा तप करेल, कवड्या पडतील, मी त्याच्या टोपीत पीस खोवीन आणि त्याच क्षणी कुंकवाचं पत्र पुढे करीन. याहून थोर वरदान कुठल्या देवाला मिळालं असेल? मी स्वतःवरच खूश होत चिखलातून घसरत आलो.

वाटेच्या तोंडाशी तो उभा होता. खांद्यावर हंडा.

"काही?"

"काही नाही."

त्या रोजापासून तो खेळ खेळेनासा झाला. म्हणजे आम्ही खेळत होतो, तो खरंच करत होता. दोन दिवसांनी मला म्हणाला, "बघ ना, शक्ती गेली अन् पत्रही आलं नाही. आता येऊन पडायला हवं होतं." चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. या जागी कोणीही पत्र काढून दिलं असतं. मला मात्र माझा बेत आणखीच रंगतदार वाटायला लागला. मी म्हणालो, "नुसत्या कवड्यांनी नाही व्हायचं. कांदा सोड." त्यानं कांदा सोडला. "चहा सोड." त्यानं चहा सोडला. "एक दिवस मौन पाळ." त्यानं मौन पाळून चारी तास वर्ग घेतला. पोरांना काही फरक पडला नाही; एरवी तो बोलायचा त्या मराठीतलंही त्यांना फारसं कळत नव्हतंच. आमचंही कळत नव्हतं, पण आम्ही बोलत होतो.

आप्पा अधूनमधून म्हणायचे, "पुरे आता, कर रे त्याला देव." मग रिकामा हंडा दिसला की म्हणायचे, "उद्या कर."

दसऱ्याला दोन दिवस होते. शाळा सुटली, तो पाणी भरून आला, पाय धुतले आणि वळकटीपुढे बसून कवड्या टाकल्या. पहिल्यांदा तीन. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा त्या जमिनीवर खळकन पसरल्या, आणि तो ओरडलाच.

सहा स्वच्छ उताण्या. सातवी घरंगळत आप्पांच्या वळकटीशी गेली आणि तिच्या कडेला टेकून थांबली. दात वर. उताणीच होती. आजही डोळे मिटले की ती कवडी मला उताणीच दिसते.

"ती टेकून आहे," मी म्हणालो.

"टेकून असली तरी उताणी आहे."

"टेकली नसती तर पालथी पडली असती. आप्पा, तुम्ही सांगा."

आप्पा वाकले, चष्मा वर करून कवडीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या हंड्यांकडे पाहिलं. "टेकूनच आहे बुवा," ते म्हणाले आणि वळकटी ओढून घेतली. कवडी पडली. पालथी.

मी असं का केलं? बेत तर त्याच क्षणासाठी होता. पण त्याचा तो आनंद मी पाहिला, आणि पाकिटातला आनंद त्याच्यावर आणखी पडणार हे दिसलं, आणि मला वाटलं, अजून थोडं. अजून चार दिवस हा असाच माझ्या तोंडाकडे बघत राहू दे. माझ्या तोंडाकडे असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं एक एक कवडी वेचून फडक्यात बांधली आणि उद्याचं लाकूड फोडायला गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजार होता, पण पावसानं नाला भरून वाहत होता, मी गेलो नाही. दसऱ्याला सुट्टी होती. आम्ही तिघांनी आपट्याची पानं एकमेकांना दिली. त्यानं माझ्या पाया पडण्याचं नाटक केलं. "सृष्टी, आता तरी," म्हणाला.

पुढच्या बाजारी दुकानदारानं कार्ड दिलं. कुंकू नाही. कार्ड उघडं असतं, मी वाटेतच वाचलं. त्याच्या थोरल्या भावानं लिहिलं होतं. दसऱ्याला साखरपुड्याला ये म्हणून मुलीकडच्यांनी तुला कळवलं होतं, तू आला नाहीस, उत्तर नाही. मंडळी जमली, साखर तशीच राहिली. त्यांना तो अपमान वाटला. आता त्यांनी दुसरीकडे शब्द दिला आहे. तुला नको होती तर आधी सांगायचं होतंस.

मी वाटेत एका दगडावर बसलो. ट्रंकेतल्या पाकिटात काय होतं ते आता सगळं पाठ होतं. घरी येऊन मी काय करावं? जे मला येत होतं तेच केलं. कवड्या मागवल्या, मीच टाकल्या, किती पडल्या ते न बघता म्हणालो, "सात." मोरपीस त्याच्या टोपीत खोवलं. आप्पासुद्धा बघत राहिले.

त्याचा चेहरा असा उजळला! "आता पत्र येईल," तो म्हणाला.

"आलंय," म्हणत मी दोन्ही पुढे केली.

त्यानं कुंकवाचं आधी फोडलं. वाचता वाचता हसला, टोपीतलं पीस हललं. मग तारीख पाहिली. मग कार्ड वाचलं. मग पाकीट परत उलटसुलट करून पाहिलं, जणू कुठेतरी आणखी काही लिहिलेलं असेल.

"हे केव्हा आलं?"

"चौदा दिवस झाले."

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, टोपी काढून खुंटीला लावली, पिसासकट, आणि त्याच पावली वाटेला लागला. अक्कलकुव्यापर्यंत पायी, पुढे मोटारीनं.

आठव्या दिवशी परत आला. मुलीकडच्यांनी ओट्यावरही बसू दिलं नाही, असं आप्पांकडून कळलं. मुलगी आत होती की नव्हती तेही त्याला कळलं नाही. माझ्याशी तो बोलतच नव्हता. तीन दिवस मी वाट पाहिली. मग वही घेऊन त्याच्यापुढे जाऊन बसलो. सृष्टी आता पुरती खचलेली होती.

"काही तरी सांग," मी म्हणालो. "उपास सांग, मौन सांग. तू म्हणशील ते करतो. पण माझ्याशी पहिल्यासारखं बोल."

त्यानं वही घेतली, पहिल्या कलमापासून नवव्या कलमापर्यंत सावकाश वाचली, मिटली, माझ्या मांडीवर ठेवली आणि पायानं रिकामा हंडा माझ्याकडे ढकलला.

"गयेल शक्ती परत कशी देवानी, तो नियम तूच करा नही ना, मास्तर? मंग भर पानी."