बेलिफाचा मुलगा आणि सिकंदराबादची गाडी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दारामागच्या खुंटीवर आज एक सदरा, उद्या दुसरा, असं अडकवत जावं आणि एक दिवस खुंटीच दिसेनाशी व्हावी, तसं होतं. आमच्या टीमचं तसंच झालंय. चौघं जमलो की कुणीतरी म्हणतं, "तो मेंढरांचा सांग रे!" आणि समोरचा चहा थंड होतो.

टीम म्हणजे सोलापुरातली आमची 'किरकोळ इलेव्हन'. गिरणीवाल्यांची वेगळी टीम होती, पोलिसांची होती, रेल्वेवाल्यांची होती. जे कुठंच बसत नव्हते ते आमच्याकडे! कॅप्टन डॉक्टर गोडबोले. दवाखाना नवा, पेशंट कमी, त्यामुळे प्रॅक्टिस भरपूर, म्हणजे क्रिकेटची. माझा ओपनिंगचा जोडीदार व्यंकय्या, साखर पेठेतल्या तेलुगू विणकर घरातला, शाळेत ड्रॉइंग मास्तर. आणि मी, नुकती सनद मिळालेला वकील. पक्षकार कमी आणि पायाला भिंगरी!

ही भिंगरी वडिलांकडून आलेली. आमचे दादा सोलापूरच्याच कोर्टात बेलिफ होते. जन्मभर समन्स घेऊन गावोगाव हिंडले, बहुतेक पायीच. रिटायर झाले आणि त्याच वर्षी आई गेली. मग घरात दोघंच. ते ओट्यावर बसून, मी अंगणात येरझाऱ्या घालत. मला एके जागी बसवतच नसे. सिकंदराबादच्या एका क्लबाचं आम्हाला दर नाताळात बोलावणं असे, आणि मला तिथं जायचंच होतं. वाडी स्टेशनच्या पुढचं जग मी पाहिलंच नव्हतं. पण टीम जायची आणि मी मागे राहायचो!

दादा 'जाऊ नको' असं कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "जा की!" आणि नेमकं त्याच वेळी काहीतरी उपटायचं.

\*

पहिल्या वर्षी बिस्तरा बांधून मी स्टेशनला जायला टांगा मागवला. टांगा आला. पण रिकामा नाही! आतून अक्कलकोटची आत्या उतरली, मागोमाग ट्रंक, लोणच्याची बरणी आणि पडवळांची मोळी.

"अगाई, मी येनार म्हनून टांग्यापाशी हुबा रायलास व्हय? लई गुणाचं लेकरू!"

दादा ओट्यावरून म्हणाले, "तू जा की! आत्याचं मी बगतो." आता आत्या दारात उभी असताना कुणाची जायची छाती होते? टांगा परत गेला.

"दादा, आत्याला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"मी कशाला बोलवू? बईन हाय, आली!"

चुलीपुढं बसल्यावर आत्या म्हणाली, "दादानंच सांगावा धाडला बग. पोरगं उपाशी रातंय म्हनला."

टीम परत आल्यावर आमची रविवारची मॅच होती. आत्या ती बघायला आली. मी बॅटिंगला उभा, बॉलर लांबून पळत येतोय, तेवढ्यात आत्या तंबूत डॉक्टरांवर सरसावली. "मदी आमचं पोरगं येकटं, भवती समदी ती माणसं, आन तुमी हितं सावलीत बसलाय?"

डॉक्टर म्हणाले, "आत्याबाई, खेळच तसा आहे."

"व्हय की! त्याला लागलं तर तुमचाच धंदा चालनार!"

डॉक्टरांनी त्या दिवशी माझं गुडघ्यावरचं खरचटलेलं फुकट बांधलं. फीचं नावच काढलं नाही.

\*

आता मेंढरं. सांगोल्याकडचा सिदू धनगर माझा पक्षकार. त्याची चोरीला गेलेली मेंढरं मी कोर्टातून परत मिळवून दिली. फी त्यानं दिली होती, पण त्याचं मन भरेना. एका संध्याकाळी प्रॅक्टिसला मैदानावर येऊन उभा राहिला.

"सायेब, तुमचं रान कुटं हाय?"

मी थट्टेनं म्हणालो, "हेच आमचं रान. इथंच दर रविवारी राबतो आम्ही."

सिदूनं मैदानातली माती चिमटीत घेतली, बोटांनी चोळली. "लई हलकं झालंय की हो!" असं म्हणून मान हलवत गेला. मीही विसरलो.

रविवारी सकाळी पोलिसांच्या टीमशी मॅच. जाऊन बघतो तर मैदान काळं! या टोकापासून त्या टोकापर्यंत लेंड्याच लेंड्या. कडेला सिदू घोंगडीवर बसलेला, चेहऱ्यावर धर्मकार्य केल्याचं समाधान.

"फुकट बसिवली सायेब, फकस्त तुमच्यासाठनं! शेतकरी पायलीनं जवारी देत्यात रानात खताला मेंढरं बसवायला. आता बगा पुढल्या साली काय पिकतंय!"

पोलिसांचा कॅप्टन जमादार होता. त्यानं बॉल उचलला, वास घेतला आणि मला विचारलं, "वकीलसाहेब, टॉस करायचा का पेरणी?"

मॅटिंग अंथरून खेळलो आम्ही. बॉल मॅटिंगखालच्या लेंडीवर पडला की कुठंही वळायचा. पोलिसांची टीम जेवणाच्या आत गारद! आणि सिदू म्हणाला तेही खोटं ठरलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिथं असं गवत माजलं की त्यात गेलेले आमचे बॉल अजून सापडलेले नाहीत.

\*

सिकंदराबाद हुकलं म्हणून मी जवळपासच्या मॅचेसवर भूक भागवत होतो. अशीच एक अक्कलकोटला. सगळे सर्व्हिस मोटारीनं निघालो. ड्रायव्हर मोटार भरल्याशिवाय सोडेना, भरली तर इंजिन सुरू होईना, सुरू झालं तर वाटेत पाणी उकळलं. तो बॉनेट उघडून बिडी ओढत बसला.

माझं डोकं फिरलं. "मी चालत पुढे होतो, मोटार आली की घ्या मला," म्हणालो आणि निघालो. चालायला लागल्यावर कसं बरं वाटलं! उन्हामुळे डोक्याला टॉवेल गुंडाळला, बॅट खांद्यावर टाकली. बऱ्याच वेळानं मागून मोटार आली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवले. मोटार वळसा घालून, माझ्यावर धुरळा उडवून निघून गेली!

नंतर कळलं, ड्रायव्हर आतल्यांना म्हणाला होता, "ही फुकट बसणारी गावठी माणसं हातात दांडकं घेऊनच उभी असतात!"

मी कडब्याच्या गाडीतून अक्कलकोटला पोचलो तेव्हा मॅच संपली होती, चहासुद्धा संपला होता. मी संतापून डॉक्टरांपुढं उभा राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "आलास? बरं झालं. परत जाताना धक्का मारायला एक माणूस कमीच पडत होता."

\*

दुसऱ्या नाताळात मी आधीच आत्याला निरोप धाडला, "येऊ नकोस." दादांना म्हणालो, "या वेळी मी सिकंदराबादला जाणारच."

"जा की! फकस्त कुर्डुवाडीवरनं जा. तितं येक पोरगी बगून घे."

"दादा, कुर्डुवाडी उलट्या दिशेला आहे!"

"मग काय झालं? दुनिया गोल हाय म्हनत्यात की."

मुलीकडच्यांना शब्द दिलेला. गेलो. डोक्यात सिकंदराबाद, बूड जाजमावर. पोह्यांची बशी हातात, आणि मी घटकेत दाराकडे बघतोय, घटकेत घड्याळाकडे. मुलगी धीट होती. तिच्या मामांनी "काय विचारायचं ते विचार" म्हटल्यावर तिनं सरळ विचारलं, "क्रिकेट खेळता ना? आऊट झाल्यावर काय करता?"

"तंबूत बसतो."

"आणि मग?"

"बाकीचे आऊट व्हायची वाट बघतो."

ती पदराआड हसली. मला ती आवडली, खरं सांगतो. पण मामांचा चेहरा पडला. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "वकील कसला? दिवसभर बसून असतो, स्वतः कबूल केलं!"

दिवसभर बसून! मी! आयुष्यात माझ्यावर झालेला हा सगळ्यात खोटा आरोप, आणि त्यावर अपील नाही. नकार आला. टीम तोवर सिकंदराबादला मॅच हरून परतलीही होती.

\*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांचा चहा झाल्यावरच सांगतो.

व्यंकय्या शाळेत मराठी, बाजारात मराठी. पण बॉल मारला की त्याच्या तोंडून एकच निघायचं, "रा!" तेलुगूत रा म्हणजे ये. आणि आमच्या घरच्या बोलीत रा म्हणजे राहा, थांब! "हितंच रा, हालू नगंस," हे ऐकतच मी मोठा झालो. तो "रा!" म्हणून धावत सुटायचा, मी जागेवर खिळलेला. दोघंही एकाच टोकाला, आणि रन आऊट! डॉक्टरांनी शेवटी दम भरला, "यस-नो म्हणा, नाहीतर मौन पाळा!" काही उपयोग झाला नाही.

दादांना याची भारी गंमत वाटायची. साखर पेठेत जन्मभर समन्स बजावून त्यांना तेलुगू फाडफाड यायचं. व्यंकय्या घरी आला की त्याच्याशी तेलुगूतच बोलायचे. रन आऊटचं भांडण त्यांच्यापुढं नेलं तर निकाल ठरलेला, "दोगांचं बी बराबर हाय."

तिसरा नाताळ आला. या वेळी कुणीच आलं नाही. मी सारखा बोळाच्या तोंडाशी जाऊन बघत होतो. टांगा आला, तोही रिकामा! मी बिस्तरा बांधायला घेतला तर दादांनी तो हातातून ओढून घेतला. "असा बांदत न्हाईत," म्हणाले आणि स्वतः बांधला, वर दोन गाठी मारल्या.

"दादा, कुणी येणार नाही ना?"

"कोन येतंय आता? आत्याचं गुडगं धरल्यात." मग बिस्तरा काखेत मारून म्हणाले, "मी येऊ का ठेसनापत्तूर?"

इतक्या वर्षांत ते कुणाला पोचवायला म्हणून स्टेशनवर गेले नव्हते. प्लॅटफॉर्मवर सगळी टीम होती. डॉक्टर हमालाशी हुज्जत घालत होते, व्यंकय्या जागा धरून खिडकीतून हाका मारत होता. दादा माझा बिस्तरा काखेत धरून उभे. मी मागितला तरी देईनात.

या गाडीसाठी मी इतकी वर्षं तडफडलो होतो आणि आता माझा पाय उचलेना. संध्याकाळी हा माणूस घरी जाऊन कंदील पुसेल, एकट्यासाठी भाकरी थापेल, ओट्यावर बसेल, हे मला लख्ख दिसलं. त्याच वेळी इंजिनाकडे बघून उकळ्याही फुटत होत्या. दोन्ही खरं होतं.

"दादा, नको जाऊ का?"

"जा की!" ते म्हणाले.

शिट्टी झाली. व्यंकय्यानं उतरून त्यांच्या काखेतला बिस्तरा घेतला आणि मला दंडाला धरून डब्यात ओढलं. गाडी हलली. मी दारात लोंबकळून बघतोय, तर दादा गाडीबरोबर चालतायत. बेलिफाच्या त्या लांब लांब ढांगा! गाडीनं वेग घेतला, तसा त्यांनीही घेतला. प्लॅटफॉर्म संपला तिथं थांबले. हात वर केला आणि गाडीच्या खडखडाटावरही ऐकू येईल अशा आवाजात ओरडले,

"रा!"

मी स्वच्छ ऐकलं. व्यंकय्यानंही ऐकलं. तो माझ्या खांद्यावरून वाकून मागे बघत होता.

"व्यंकय्या," मी विचारलं, "मराठीत म्हणाले का तेलुगूत?"

होटगी स्टेशन आलं तरी व्यंकय्या विचारच करत होता.