पाटावरचं काडतूस

चिंचेने घासलं की पितळेची समई जशी लखलखते, तसंच काडतूसही लखलखतं. मला माहीत आहे, कारण मी ते स्वतःच्या हाताने घासलं आहे. सिंकपाशी उभी राहून, गाणं गुणगुणत.

ते आमच्याकडे आलं शेजारच्या म्हाताऱ्याकडून. आम्ही अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून पाऊण तासावर राहतो. इथे शाळेत मुलांना हरणाच्या शिकारीची सुट्टी असते आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. म्हाताऱ्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद होता. वारा, उतार, अंतर यांचा हिशेब करणारं एक ॲप त्याला फोनवर हवं होतं आणि माझ्या नवऱ्याला अशी कामं फुकटात करायची खोड आहे. एका शनिवारी म्हातारा आम्हाला कौतुकाने माळावर घेऊन गेला. मैलभरावर एक लोखंडी पत्रा टांगलेला होता. त्याने गोळी झाडली आणि बोट वर करून आम्हाला थांबायची खूण केली. मी मनात सात मोजले, तेव्हा कुठे बारीकसा टण्ण आवाज आला. मला ते मुळीच आवडलं नाही. इतक्या उशिरा येणाऱ्या आवाजाची मला भीती वाटली, आणि तसं मी नवऱ्याला गाडीत सांगितलंही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिल्यावर म्हातारा घर विकून लेकीकडे दुसऱ्या राज्यात गेला. जाताना त्याने नवऱ्याला एक काडतूस दिलं. माझ्या मधल्या बोटाहून लांब, अंगठ्याहून जाड. "माझ्या हाताने भरलंय," म्हणाला. काडतुसाच्या थोरल्या भावंडावर, म्हणजे अर्धा इंच जाडीच्या गोळीच्या रायफलींवर, कॅलिफोर्नियात बंदी आली, म्हणून लोक या जरा बारीक काडतुसाकडे वळले, हे त्याने मिश्कीलपणे सांगितलं. "हे तिथेही चालतं. अगदी कायदेशीर!"

त्याच्यासाठी होतंच ते कायदेशीर. आम्ही आमचं विचारलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. पाटावर मी विळी, स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि दोघांचे लॅपटॉप मांडते. नवरा आपला नाव-फोटोचा ऑफिसचा बिल्लाही ठेवतो, कारण त्याच्या मते पोट त्याच्यावरच चालतं. त्या वर्षी मला वाटलं, घरात एक खरंखुरं शस्त्र आहे, तर तेही ठेवावं. घासून, पुसून, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहून मी ते बिल्ल्याशेजारी उभं केलं. फोटो छान आला. मी तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि चकल्या तळायला गेले.

दुपारी डॉक्टरकाका सोनं द्यायला आले. इथल्या मराठी मंडळींत सगळ्यांत जुने तेच. निवृत्त झालेले, नागरिकत्व मिळूनही खूप वर्षं झालेले. आपट्याची पानं त्यांच्या हातातच राहिली.

"हे लाइव्ह आहे? आत दारू आहे?" त्यांनी विचारलं.

"गिफ्ट आहे काका, शोपीस," नवरा म्हणाला.

काकांनी ते कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी सरकलं. त्यांनी ते आडवं ठेवलं आणि खुर्चीवर बसले.

"तुम्ही अजून वर्क व्हिसावर आहात ना? व्हिसावाल्याला बुलेट ठेवता येत नाही. एकसुद्धा. फेडरल गुन्हा आहे यार हा. आधी लॉयरला फोन करा."

आमच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी निरोप ऐकताच सणाच्या दिवशी उलटा फोन केला, यावरूनच मी काय ते ओळखलं. काका म्हणाले ते खरं होतं. गोळी झाडलेली असो वा नसो, नुसतं रिकामं पितळसुद्धा कायद्याने काडतुसातच मोडतं. मग बाईंनी विचारलं, शिकारीचा परवाना आहे का? तो असला तर सूट मिळते. आमच्या घरात अंडंही शिजत नाही. मला हसू फुटलं आणि ते थांबेना. माहीत नव्हतं असं सांगता येईल का, या नवऱ्याच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "येईल, पण ते कोर्टात सांगायचं असतं. तिथवर जायचंय का तुम्हाला?"

आम्ही चौदा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे होतो. मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही इथे आलो. तिला दुसरं घर माहीतच नाही.

काकांनी काडतूस श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून नेलं. त्याच्यावर माझं हळदकुंकू तसंच होतं. त्यांच्याकडे असायला हरकत नव्हती. मी फोटो काढून टाकला, पण तोवर साताऱ्याच्या मावशीने त्यावर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा लिहून तो सगळीकडे पाठवला होता. "इतका सुंदर फोटो का गं काढून टाकलास?" असं तिने विचारलं. मी काहीतरी थाप मारली. पुढच्या दसऱ्याला तोच फोटो मला नागपूरच्या एका मैत्रिणीकडून आला.

या वर्षी अखेर आमची पाळी आली. फॉर्मवर प्रत्येकाची वेगळी सही लागते. एका पानावर विचारलं होतं, तुमच्या हातून कधी कुठलाही गुन्हा घडला आहे का, अटक झाली नसली तरी? वकीलबाईंना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मी 'नाही'वर खूण केली, सही केली आणि मनात सात मोजले. काहीच झालं नाही.

मुलाखतीचं पत्र नवरात्रात आलं. दसऱ्याच्या सकाळी मी पाट मांडत होते. विळी, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप. मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली होती, तिथल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर आलेल्या शुभेच्छा बघत सोफ्यावर लोळत होती. मध्येच तिने मान वर करून पाटाकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे.

"आई, इज धिस अवर हाउस?"

मी वाकून पाहिलं. सोनेरी अक्षरांखाली बिल्ला अर्धा झाकला गेला होता. काडतूस मात्र पुरतं दिसत होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "सगळ्यांकडे असाच पाट असतो."

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला.