सहावा व्हॉल्व्ह

माझ्या सासऱ्यांइतका सावध माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या सुनेशी माझी गाठ घालून द्यावी; दोघींनाही बोलून हलकं वाटेल. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीने त्यांना बोईसरला आणलं आणि बोईसरने ठेवून घेतलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त होताना लोक कारखान्यातून शाल आणतात, भिंतीवरचं घड्याळ आणतात. बाबांनी परमिट आणलं.

परमिट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमचं घर त्यावर चालतं. कारखान्यात कुठलंही यंत्र उघडायचं तर आधी एक कागद भरावा लागतो. काम कुठे, धोका कोणता, काळजी काय घेतली, परवानगी कोणाची, काम करणार कोण. मग यंत्राच्या बटणाला लाल पाटी अडकवायची, ‘काम चालू आहे, हात लावू नये’. आणि काम आटोपलं की अगदी शेवटच्या रकान्यात सही करायची: ‘काम संपले. सर्व माणसे बाहेर आहेत.’ ती सही झाल्याशिवाय कोणी बटण दाबायचं नाही. कारखान्यात हे ठीकच आहे. बाबांनी तो कागद पट्टी घेऊन घरी आखला, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि पंखा पुसण्यापासून मिक्सरच्या मोटरचा ब्रश बदलण्यापर्यंत सगळ्याला लागू केला. एकदा भर मे महिन्यात त्यांनी हॉलच्या पंख्याचं काम काढलं, बटणावर पाटी लावली आणि पेन्शनच्या कामाला पालघरला निघून गेले. आम्ही दिवसभर घामाने भिजत त्या पाटीकडे बघत बसलो. माझा नवरा तोंडाने कितीही तावातावाने बोलला तरी ते बटण दाबायची हिंमत त्याला झाली नाही.

आमच्या या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा तर बाबांनी कमाल केली. होम म्हणजे उघडा अग्नी, आणि कारखान्यात उघड्या अग्नीला वेगळं परमिट लागतं. होमकुंडाच्या एका बाजूला वाळूची बादली, दुसऱ्या बाजूला पाण्याची, आणि गुरुजींसमोर कागद. गुरुजी वाणगावचे, स्वभावाने गरीब. ‘काम करणार’ या रकान्यात त्यांनी मुकाट्याने सही केली आणि ‘धोके’ या रकान्यात बाबांनी लिहिलेलं ‘धूर, ठिणगी, सोवळ्याचा काठ’ हे वाचून सोवळं जरा वर खोचून घेतलं. पुढे ते माझ्या कानाशी म्हणाले, “वहिनी, चाळीस वर्षं होम करतोय, पण आज पहिल्यांदा भीती वाटली.”

सासूबाई होत्या तोवर परवानगी देणं हे त्यांचं खातं होतं. त्या गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी दिवसभर पालघरच्या सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांवर सह्या गोळा करते आणि संध्याकाळी घरी येऊन परत सह्याच करते. त्यातली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. बाबा परमिटवर जागोजागी सही करत, ठसठशीत, तारखेसकट. पण शेवटच्या रकान्यात कधी नाही. तिथे माझी सही घेत. आणि ती घेण्याआधी दर वेळी विचारत, “नीट बघितलंस ना? कोणी राहिलं नाही ना?”

“मिक्सरमध्ये कोण राहणार, बाबा?”

“बघ तरी.”

मग मी भांड्यात डोकावायची, ‘कोणी नाही’ म्हणायची आणि सही करायची. सुरुवातीला मी हे कचेरीत मैत्रिणींना रंगवून सांगत असे. एकदा रात्री जेवताना नवऱ्यालाही नक्कल करून दाखवली. तो हसला नाही. त्याने मला दांडीच्या काकांची गोष्ट सांगितली आणि त्यानंतर मी ती नक्कल कधी केली नाही.

दांडीचे काका म्हणजे बाबांचे कारखान्यातले हेल्पर. समुद्रकाठच्या दांडी गावचे, घरची होडी, पण मासळीचं काही खरं नाही म्हणून कारखान्यात लागलेले. दोघांची जोडी अशी, की एकाने हात पुढे केला की दुसऱ्याने पाना ठेवावा. बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पाळी संपत आली होती, सगळ्यांना घरी जायची घाई होती. बाबांनी शेवटच्या रकान्यात न बघता सही केली. यंत्र चालू झालं तेव्हा दांडीच्या काकांचा उजवा हात आत होता. दोन बोटं गेली. काका नोकरी सोडून गावी परतले, होडीवर जाऊ लागले. त्यांनी कधी कोणाला दोष दिला नाही, आणि म्हणूनच की काय, बाबा त्यानंतर दांडीला कधी गेले नाहीत.

आणि बोईसरहून दांडी ती किती लांब? रिक्षाने अर्धा तास. काका दर रविवारी फोन करत. त्यांचा आवाज इतका मोठा, की फोन बाबांच्या कानाला असला तरी बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येई. “मिस्त्री, कदी येतस? बोंबील सुकवलेत.” बाबांकडे दर वेळी सबळ कारण असे. आधी सुट्टी मिळत नव्हती, मग सासूबाईंचं दुखणं, मग गाडी. गाडीचं कारण सगळ्यात टिकाऊ निघालं. ती छोटी लाल गाडी बाबांनी जुनीच घेतली होती, त्या अपघाताच्या आठवडाभर आधी, आणि काका तेव्हा म्हणाले होते, “पैली चक्कर माजी.” ती चक्कर राहून गेली. म्हणून जायचं तर त्याच गाडीतून, असं बाबांचं म्हणणं. आणि गाडी तर दोन वर्षं इमारतीखाली उभी राहून खाऱ्या हवेने बंद पडलेली.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका रविवारी फोन आला तेव्हा आवाज काकांचा नव्हता. काकू होत्या. बाबा अंघोळीला गेले होते म्हणून फोन मी घेतला. “बाय, डॉक्टरनं घरी न्या सांगितलंय. जेवन जात नाय. रोज विचारतात, मिस्त्री आला का. त्यांना आणा गं एकदा.” मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, “गाडी झाली की जाऊ,” आणि परमिटचा कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसले.

इंजिनाचं वरचं डोकं त्यांनी एकट्याने खोललं, माझ्या नवऱ्याने उचलून वर आणलं आणि गॅलरीत जुन्या टेबलावर ठेवलं. आमच्या तुळशीला त्यासाठी जागा सोडावी लागली. त्या डोक्यात सहा व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांड्याचा, चपट्या मोठ्या डोक्याचा खिळाच म्हणा ना. तो आपल्या नळीतून खालीवर होत राहिला तर इंजिन चालतं. पाच निघाले. सहावा नळीत गंजून घट्ट बसला होता. बाबांनी त्यावर रॉकेल आणि तेल सोडलं, गरम पाण्याची फडकी ठेवली आणि म्हणाले, “याला जोर करायचा नाही. सुटायचा तेव्हा सुटेल.” गॅलरीच्या दाराला लाल पाटी लागली. रोज सकाळी ते आत जात, दार लावून घेत, अर्ध्या तासाने बाहेर येत आणि मान हलवत. रोज नवं परमिट, कारण परमिट एका दिवसाचंच असतं. आठ दिवस झाले, दहा झाले. काकूंचे फोन आता रविवारची वाट बघत नव्हते.

अकराव्या दिवशी माझा संयम संपला. शनिवार होता, कचेरीला सुट्टी, आणि बाबा दूध आणायला खाली गेले होते. मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला, पाटीकडे न बघता गॅलरीत शिरले आणि त्या व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकावर तीन घाव घातले. राग गंजावर होता की बाबांवर, मला आजही सांगता येणार नाही. व्हॉल्व्ह तसूभर हलला नाही. उलट दांड्याचं टोक चेपून छत्रीसारखं पसरलं. आता तो नळीतून कधीच निघणार नाही, हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळलं. मी मागे वळले तर दारात बाबा, हातात दुधाची पिशवी.

मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडणार. मीच आधी रडायला लागले. “बाबा, ते काका वाट बघतायत हो. मला राहवलं नाही. मी नासवलं सगळं.”

बाबांनी पिशवी कट्ट्यावर ठेवली. टेबलाजवळ आले, चष्मा वर करून टोक पाहिलं आणि मग खाली हात घालून इंजिनाच्या डोक्याखालून एक लाकडी ठोकळा काढला. आगपेटीएवढा असेल. तो अगदी व्हॉल्व्हच्या चपट्या डोक्याखाली बसवलेला होता. खालून असा टेका दिल्यावर मी बत्ता मारून व्हॉल्व्ह जाणार कुठे?

“व्हॉल्व्ह मंगळवारीच सुटला होता,” ते म्हणाले. “ठोकळा मीच ठेवला.”

बाबा स्टुलावर बसले. “त्याच्या अंगणात गाडी थांबेल. तो हात पुढे करील. मग मी काय करू, सांग.” माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ‘मी काय करू’ असं बाबांनी मला विचारलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी त्यांना कानस काढून दिली.

त्यांनी त्या पसरलेल्या टोकाची कड चहूबाजूंनी घासायला घेतली. हळूहळू, फुंकर मारत, बोट फिरवून बघत. दहा मिनिटंही लागली नाहीत. मग अंगठ्याने दांडा दाबला, आणि अकरा दिवस आमच्या घराला वेठीला धरलेला तो व्हॉल्व्ह गुळगुळीत आवाज करत खालच्या बाजूने त्यांच्या तळहातात आला. पुढे नवा व्हॉल्व्ह आणणं, सगळं परत बसवणं यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत गॅलरीचं दार त्यांनी एकदाही लावून घेतलं नाही.

गाडी चालू झाली तरी परमिट बंद होईना. “चाचणी झाल्याशिवाय काम संपत नाही,” बाबा म्हणाले, “आणि चाचणी दांडीपर्यंत.” तेव्हा समोरच्या आरशाला लाल पाटी लटकवून आमची गाडी निघाली. पुढे बाबा, मागे मी, आणि माझ्या मांडीवर परमिटचा कागद. बाबा इतक्या सावकाश चालवत होते, की उच्छेळी गावाच्या अलीकडे एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने पाटी वाचली. सुक्या मासळीचा वास आला तेव्हा बाबांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा गिअर टाकला.

काका ओट्यावर खाटेवर होते. इतका मोठा आवाज ज्या छातीतून येत होता ती छाती आता पाटीसारखी सपाट झाली होती. काकू म्हणाल्या, “आलेत हो मिस्त्री.” काकांनी डोळे उघडले, आधी गाडीकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांना नमस्कार सुचला नाही, ‘कसा आहेस’ हेही विचारायला सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि पेन काकांपुढे धरला. “शेवटच्या रकान्यात सही लागते. तू बघून कर.”

काकांनी पेन घेतला नाही. उजवा हात पांघरुणातून काढून बाबांच्या तोंडासमोर धरला. तीनच बोटं, उन्हापाण्याने काळी पडलेली. “हा बग,” ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण थांबत थांबत सगळं बोलले. “बावीस वर्सं मी भाएर हाय, मिस्त्री. जाळी वडली, पोरींची लग्नं केली. बगितलास ना नीट? आता तू कर सई.”

बाबांनी तो हात दोन्ही हातांत धरला. मी आणि काकू दोघीही समुद्राकडे बघत होतो. मग त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि शेवटच्या रकान्यात सही केली. ठसठशीत नव्हे, जरा वेडीवाकडी. तारीख घालायची विसरले, त्याची आठवण काकांनी करून दिली.

मग पहिली चक्कर झाली. काकांना आम्ही उशा लावून पुढच्या सीटवर बसवलं आणि बंदरापर्यंत जाऊन आलो. परतताना काका म्हणाले, “वॉल वाजतोय.” “नाही वाजत,” बाबा म्हणाले. “वाजतोय रं.” ते भांडण घर येईपर्यंत चाललं आणि मला ते इतकं गोड वाटलं, की अजून जरा लांबचा रस्ता असता तर बरं झालं असतं.

काका त्यानंतर दोन महिने होते. बाबा दर रविवारी जात. गाडी अजून चालते, व्हॉल्व्ह अजून वाजतो, बाबा अजून मानत नाहीत. घरात परमिट अजून लागतं आणि परवानगी अजून मीच देते, पण शेवटच्या रकान्यात आता बाबा स्वतः सही करतात. मला कोणी काही विचारत नाही. परवा त्यांनी मिक्सर दुरुस्त केला, भांड्यात डोकावून बघितलं, सही केली आणि पेपर वाचायला निघून गेले. मी चटणीचं खोबरं टाकलं, झाकण लावलं, बटणावर बोट ठेवलं आणि थांबले. झाकण काढून परत एकदा आत बघितलं. कोणी नव्हतं. मग बटण दाबलं.