सुंठीचे तीन वेढे

वांकिडीच्या सोजरबाईजवळ सुंठ होती म्हणजे गावात अर्धा दवाखाना होता. डोकं चढलं, कपाळाला सुंठीचा लेप. खोकला लागला, आल्याचा रस मधात. सांधे धरले, सुंठीचा काढा एरंडेल घालून. नवरा चंपतराव रुसला तर मात्र तिच्याजवळ औषध नव्हतं. अन् ती ते शोधतही नव्हती.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. वांकिडी आंध्रात राहिली अन् तिच्या लेकीचं, पद्मिनीचं सासर राजुरा मुंबई राज्यात गेलं.

"लेक परराज्यात गेली वो तुयी!" बायका चिडवायच्या.

"मंग? पोटदुखीले कोन्तं राज्य हाय?" सोजरबाई म्हणायची.

त्याच हिवाळ्यात जावई शामराव मोटारीनं आला. तिकडं घरी तीन महिन्यांचं लेकरू पोट फुगून कळवळत होतं. सोजरबाईनं सुंठीचं कांड जावयाच्या हातात देऊन बजावलं, "आईच्या दुधात उगाळा. सहाणेवर तीन वेढे. चौथा नाई."

पाचव्या दिवशी निरोप आला, तशी ती राजुऱ्याला धावली. लेकराचं तोंड लालभडक झालेलं, ते दूध घेईना. डॉक्टरांनी सुंठ बंद केली होती. धोका टळला म्हणाले होते. घरात मात्र विहीण वच्छलाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"इहीनबाई, तुमी तीन सांगतले, हिनं दहा घातले! मोजता येत नाई काऊन इले?"

"माय, तीनच घातले वो," पद्मिनी मान खाली घालून म्हणाली.

सोजरबाई गप्प बसली असती तर तिचं नाव शाबूत राहिलं असतं. लेकीनं मात्र हा डाग जन्मभर वागवला असता. तिनं सहाण मागितली अन् अंगठा फिरवला. नवी, टाकी लावलेली, खरखरीत. वांकिडीची तिची सहाण सासूच्या काळापासून झिजून ताटासारखी गुळगुळीत झालेली. तिचं माप आकड्यात नव्हतंच, त्या दगडात होतं.

तिनं तीन वेढे उगाळले अन् तो दाट लेप विहिणीच्या तळहातावर ठेवला. "चाखा."

जिभेला लावताच वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माह्या दगडावर याचा पाव हिस्सा उतरते. तुमचा दगड न पाह्यता मी आकडा सांगतला. पोरीनं बरोबर मोजलं. चूक माही हाय."

सगळ्यांसमोर एवढं बोलून तिनं सहाण धुवायला घेतली. वच्छलाबाई खोकत उठल्या, पाणी प्यायल्या अन् पाळण्याकडं न जाता आधी सुनेजवळ येऊन बसल्या.