अर्धी भाकरी आणि तिसरा वाटा

माझं शिक्षण पाचवीपर्यंतच. पुढं मेंढरांमागं हिंडले, लग्न झालं आणि पार तमिळनाडूत आले. आमच्या मालकांचं तिथं सोनं-चांदी गाळायचं छोटं दुकान आहे. मुलगी सहावीत गेली तशी मला गणित विचारायची बंद झाली. अडलं की फोनला विचारते. मी जवळ गेले की वही जरा पलीकडं वळवते. आज गणित, उद्या आणखी काही, असं करत ही पोरगी मला काहीच विचारायची नाही, अशी धास्ती मनात बसली होती.

यंदा जत्रेला माहेरी आलो, दहिवडीच्या पुढं, माण तालुक्यात. तिथं फोनला रेंज नाही. वैनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि मुलगी शेजारी बसून सुट्टीतला अभ्यास करत होती. अर्ध्यात एक तृतीयांश मिळवायचा होता. तिनं वरच्यात वरचा आकडा मिळवला, खालच्यात खालचा, आणि उत्तर लिहिलं: दोन छेद पाच.

रीत मला येत नव्हती. पण पाच वाट्यांतले दोन म्हणजे निम्म्याहून कमीच की.

"अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झालं व्हय गं?"

"आई, तुला नाही कळायचं ते."

मी दोन भाकरी पुढं ओढल्या. एक निम्मी केली. दुसरीचे सुरीनं तीन सारखे वाटे करायला लागले.

"आवं वन्सं, तिसरा वाटा कुणी तोडतं का? चतकोर तोडा की!" वैनी हसल्या.

ताटात अर्धी ठेवली, तिला लागून एक तिसरा वाटा. गोल पुरा होत आला, थोडी फट राहिली.

"मग हे किती झालं?" मुलगी आता ताटाकडं बघत होती.

वैनी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "मापं जुळंनात तर बारकं माप घ्यावं. पायलीनं जमंना तर चिपट्यानं मोजायचं."

बारकं माप समोरच होतं. मी त्या फटीएवढा तुकडा कापला. तिसऱ्या वाट्यावर तो दोनदा बसला, अर्धीवर तीनदा, आणि फटीत एकदा.

"सहातले पाच!" मुलगी ओरडली आणि आधीचं उत्तर खोडलं. मग तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. "आता वजाबाकी. अर्ध्यातून तिसरा वाटा काढायचाय."

मी अर्धीवर तिसरा वाटा ठेवला. उघडी राहिली ती जागा मघाच्या बारक्या तुकड्यानं बरोब्बर झाकली.

"सहावा हिस्सा," ती म्हणाली आणि तुकडा तोंडात टाकला.

"आता साताचं काय काढू नगा," वैनी म्हणाल्या, "पीठ सपलंय."

वैनींचे उपकार कसे फेडावेत कळत नाही. आणि पुढच्या गणितात खरंच सात निघाले तर, ही काळजी तिथंच सुरू झाली. पण मुलगी पान उलटत होती, आणि वही माझ्या मांडीवरच होती.