डाव्या दंडावरची साखर

हा घोटाळा आमची सुनंदा बिल्डिंगभर सांगत सुटलीय. तेव्हा म्हटलं, चहा होतोय तोवर आपणच सांगून टाकावं. निदान एखादं वाक्य तरी बायकोच्या नाही, माझ्या बाजूचं येईल!

तर माझी साखर वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस बघू. नाही उतरली तर इन्सुलिनचं इंजेक्शन. रोज."

आता मी वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला माणूस. लालबाग-परळच्या भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडलाय मी. पण सुई? सुई दिसली की घाम मला फुटतो. घाबरतो, सरळ सांगतो.

घरात बोटाला टोचून थेंब घ्यायचं मशीन होतं. म्हणजे तिथंही टोचणं आलंच! मग मुलीनं दंडावर चिकटवायचा सेन्सर पाठवला. गोल, कोटाच्या बटणाएवढा. डोळे घट्ट मिटून एकदाच डाव्या दंडावर बसवून घेतला. मग मोबाइल आपला दिवसभर साखर दाखवत राहतो.

पहिल्याच दुपारी जेवून आडवा झालो, डोळा लागला, आणि मोबाइल बोंबलायला लागला. साखर एकदम उतरून अठ्ठावन्न!

सुनंदा धावत आली. चेहरा पांढराफटक. "अहो, उठा! काय होतंय तुम्हाला?"

"थरथरतंय गं जरा." खरंच थरथरत होतं हो! असला आकडा बघून कोण थरथरणार नाही?

तिनं लगेच बोटावर तपासलं. एकशे शहाऐंशी!

आता सांगा, कुणाचं खरं मानायचं? मी साहेबी आवाजात निकाल देऊन टाकला, "जुनं मशीन बाद. नवं बरोबर." का? कारण नव्याचं ऐकलं तर इंजेक्शनची गरजच नव्हती! हे मोठ्यानं बोललो नाही, एवढंच.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारच्या परब वहिनी हजर. हातात नातवाच्या निकालाचे पेढे. "भावजी, आदी ह्यो पेढो खावा, मगे मशिनींचा काय ता बघा!"

खाल्ला. दुसराही खाल्ला. उठून बसलो आणि काय आश्चर्य, थोड्याच वेळात आकडा वर! पेढा लागू पडला की!

मग रोजचंच झालं. जेवण, वामकुक्षी, बोंब, पेढा. वहिनींचे संपले तेव्हा मी स्वतः जाऊन डबा आणला. औषध म्हणून! सुनंदा म्हणायची, "अहो, साखरेचं पाणी देते ना." मी म्हणायचो, "त्यानं मळमळतं मला." ती बिचारी स्वतःची झोप सोडून माझ्या उशाशी बसून राहायची. फार वाईट वाटायचं मला. पेढा खाताना नाही, पण एरवी वाटायचं.

पंधरा दिवस झाले. लॅबमध्ये रक्त दिलं, त्याच वेळी सुनंदानं हट्टानं बोटावरही तपासलं. दोन्ही आकडे जवळपास सारखे! मी म्हटलं, "योगायोग."

डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवरचा आलेख बघितला. "रोज जेवणानंतर हा खड्डा कसला? दुपारी काय करता?"

"वामकुक्षी."

"डाव्या कुशीवर?"

"वामकुक्षी म्हटल्यावर डावीच की!" मी रुबाबात म्हणालो.

"आणि सेन्सर कुठे आहे?"

मी माझ्या दंडाकडे बघितलं.

"अहो, त्याच्यावर अंग टाकून झोपलात तर तो कमीच दाखवणार! अलार्म झाला की कूस बदलायची आणि आधी बोटावर तपासायचं. तुमची साखर उतरलीच नव्हती."

पारड्यावर हळूच बोट दाबणारे दुकानदार पकडण्यात माझी हयात गेली. आणि इथं मी अख्खा आडवा पडलो होतो!

"पण खड्ड्यानंतरचे हे डोंगर मात्र खरे आहेत. अडीचशेच्या वर! हे कशानं?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे.

"इंजेक्शन सुरू करावं लागेल," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

"पण डॉक्टर, साखर खरंच उतरायची हो! हात थरथरायचे माझे! हवं तर हिला विचारा!"

बाईंनी सुनंदाकडे बघितलं.

"थरथरायचे," सुनंदा म्हणाली. मला केवढं हायसं वाटलं! शेवटी बायको ती बायकोच.

"पेढ्यांच्या डब्याचं झाकण निघेपर्यंत."