काचेवर फुंकर घालणारा पेंटर

पेंटर कॉम्प्युटरवर रंगवायचा आणि रंगवून झालं की काचेवर फुंकर घालायचा. रंग वाळावा म्हणून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलंय. काचेवर कसला आलाय ओला रंग? तसं तोंडावर विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "तोंडाला सवय हाय अम्मा. तीस वर्षं फुंकलालोय, आता कसं थांबू?" आणि नुसती फुंकर नाही. रंगवलेल्या चेहऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत बोट लावू द्यायचा नाही. कुणी काचेजवळ हात नेला की मनगटच धरायचा. "ओलं हाय."

त्याचं खरं नाव मला फार उशिरा कळलं आणि कळून काही उपयोग झाला नाही. सात रस्त्याजवळच्या एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्याची छोटी खोली होती. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू. हा मागावर बसला नाही, ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, सिनेमाचे बोर्ड रंगवले. मग फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश डब्यातच वाळले. पन्नाशीचा माणूस विशीतल्या पोरांच्या क्लासात जाऊन बसला आणि कॉम्प्युटर शिकला. त्यानंतर त्याचं काम एकच. लोक मेलेल्या माणसाचा फोटो आणायचे, हा त्याचं ब्रशनं रंगवल्यासारखं चित्र करायचा, कॅनव्हासवर छापून चौकटीत घालून द्यायचा. दारावर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: 'फोटोवरून पेंटिंग. वय दहा वर्षे कमी करून मिळेल.'

ह्या पाटीनंच घोटाळा केला.

मी चौथी शिकलेली बाई. जन्मभर कडक भाकऱ्या करून दुकानांना घातल्या. माझं आणि चित्रांचं काही देणंघेणं नव्हतं. पण माझी थोरली बहीण गेली. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिचं माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आमची आई, अव्वा, माझ्याकडे होती, माझ्याकडेच गेली, आणि अक्का उशिरा पोचली. मी दारातच तिला म्हणाले, "आता कशाला आलीस? माती टाकायला?" ती उंबऱ्यावरून परत फिरली. मीही बोलावलं नाही. असं ते अकरा वर्षांचं.

ती गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं. शिवगणाराधनेच्या, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याच्या, दिवशी मी तिच्या घरी गेले. अकरा वर्षांनी तो उंबरा ओलांडला. समोरच्या भिंतीवर हार घातलेली मोठी तसबीर होती, खाली उदबत्त्या, पुढ्यात बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. मी तसबिरीकडे पाहिलं आणि माझे पाय गार पडले.

ती मी होते.

हिरवी इरकल साडी, कपाळावर विभूती, गाल मऊ लोण्यासारखे. नाक माझं. हनुवटी माझी. मी मेले होते आणि माझ्यापुढे उदबत्ती जळत होती. शेजारची एक बाई मला सरकून जागा देत म्हणाली, "अगदी जिवंत वाटलालीय की नाही?"

मी म्हणाले, "वाटणारच. जिवंतच आहे."

कुणाला काही कळलं नाही. मग मी माझ्या भाच्याला, मल्लूला, हाताला धरून तसबिरीपुढे उभा केला. "ही कोण?"

"असं काय करलालीस मावशी? आई की."

"डाव्या भुवईतली खोक कुठं आहे?"

मल्लूनं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तसबिरीकडे. मोठा माणूस, पोरांचा बाप, पण त्याचं तोंड असं पांढरं पडलं की मलाच त्याला बसवावं लागलं. चार दिवस त्यानं त्या तसबिरीपुढे डोकं टेकलं होतं. सुनेनं टेकलं होतं, नातवंडांनी टेकलं होतं. एकाला कळलं नव्हतं. ती खोक मला माहीत होती, कारण ती माझ्याच हातची. लहानपणी खेळता खेळता मी अक्काला ढकललं आणि ती जात्याच्या दगडावर पडली. अव्वानं विचारलं तर "मीच पडले" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ती तसबीर काखोटीला मारून पेंटरकडे गेले. टेबलावर ठेवली आणि शेजारी माझं तोंड धरलं. "बघ."

त्यानं बघितलं. त्याच्या तोंडावर देवीचे व्रण होते, गाल भाजलेल्या भाकरीसारखे खड्ड्याखड्ड्यांचे. ते सगळं तोंड ताठ झालं. हातातलं कॉम्प्युटरचं पेन खाली पडलं.

"अम्मा," तो म्हणाला, "मी तुमाला मारलो की."

"मारलास."

"इतकी वर्षं हे काम करलालोय. माझ्या चित्रातलं माणूस दुकानात परत आलं न्हाय कधी."

मी भांडायला गेले होते. पण माणूस समोरून कबूलच करतो तर भांडण कशाचं करणार? मग झालं काय, ते हळूहळू कळलं. अक्काला फोटोची हौस नव्हती. आधारकार्डावरच्या फोटोत नुसती काळी सावली. म्हणून मल्लूनं आपल्या लग्नातला फोटो पाठवला आणि फोनवर सांगितलं, "नवरीशेजारची, हिरव्या साडीतली." लग्नात आम्हा दोघी बहिणींना आहेर एकसारखाच आला होता. आम्ही दोघी नवरीच्या दोन बाजूंना उभ्या होतो. अक्कानं ऐन वेळी मान वळवली होती, माझ्या तोंडावर उजेड होता. पेंटरनं उजेडातली घेतली. वर पाटीप्रमाणे दहा वर्षं कमी केली. सुरकुत्या गेल्या, डाग गेले, आणि राहिला तो आमच्या घराण्याचा तोंडावळा. तो काय, दोघींचा एकच.

पेंटरनं कॉम्प्युटर उघडला. त्याच्या कामात एकावर एक थर असतात, म्हणाला, पाट्यांना रंगाचे हात द्यायचे तसे. प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा. त्या डोळ्यावर टिचकी मारली की तो थर नाहीसा. त्यानं टिचकी मारली आणि माझा रंगवलेला चेहरा गेला. खाली लग्नाचा मूळ फोटो, त्याच्या कोपऱ्यात मान वळवलेली अक्का. अर्धाच चेहरा, तोही अंधारात.

"एवढ्यावरनं न्हाय जमणार," तो म्हणाला. "उरलेली तुमी सांगायची. कशी होती?"

"माझ्यासारखी. पण बरी."

"बरी म्हंजे कशी?"

मला सांगता येईना. इतकं साधं विचारलं आणि मला सांगता येईना. मी तीन दिवस दुपारी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले. मल्लूनं तोवर भिंत रिकामी ठेवली होती. हाराचा खिळा तेवढा भिंतीत होता.

तेव्हा त्याचं काम जवळून पाहिलं. कॉम्प्युटरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की सगळा फोटो एका दमात रंगवल्यासारखा होतो. पेंटर ते बटण चेहऱ्याला लावायचा नाही. म्हणायचा, "ते बटण गालाला आन् मागच्या भिंतीला एकच फटकारा मारतं. गाल काय भिंत हाय का?" मग तो कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर पेन फिरवून एकेक फटकारा हातानं द्यायचा आणि तोंडानं पुटपुटायचा, "गाल गोल, कपाळ आडवं, नाक उभं." देवाचं नाव घ्यावं तसं. फटकारा झाला की पेनाचं टोक शर्टाला पुसायचा. पेनाला काही लागलेलं नसायचं, तरी पुसायचा. छातीपाशी शर्ट झिजला होता.

खोक करायला अख्खी दुपार गेली. "वर घे. अजून वर. इतकी मोठी नव्हती." शेवटी मी म्हणाले, "तिथंच." भुवई दुभंगली आणि त्या दुभंगातून एकदम अक्का आली. साठ वर्षांपूर्वी दगडावर पडली ती.

मग ओठ. मी सांगितलं, घट्ट मिटलेले कर, कोपरे खाली. त्यानं केले. मी म्हणाले, हं, अशीच. तो मागे सरकून बघत बसला.

"अम्मा, बहीण सदा रागातच असायची काय?"

"नाही. एकदाच."

"मग एका दिवसाचं तोंड जन्मभर भिंतीवर कशाला लावलालाव?"

मला कुणी असं बोललेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याचीसुद्धा छाती झाली नव्हती. मी उठून उभी राहिले. चप्पल घातली. आणि दारात माझ्या लक्षात आलं की त्याचं खरं आहे. अकरा वर्षं अक्का म्हटलं की मला ते उंबऱ्यावरचं तोंडच दिसत होतं. बाकीची साठ वर्षं मी स्वतःच पुसून टाकली होती. पेंटरनं दहाच पुसली होती, आणि मी त्याच्याशी भांडायला आले होते.

चप्पल काढून मी परत बसले. म्हणाले, "भाकरी थापताना ती खालचा ओठ एका बाजूनं दाताखाली धरायची. डाव्या. भाकरी गोल झाली की सोडायची."

"सोडल्यावर?"

"सोडल्यावर तिथं जरा ओलं दिसायचं."

त्यानं ओठाच्या डाव्या बाजूला एक बारीक उजळ फटकारा दिला. एकच. मग वाकून काचेवर फुंकर घातली.

मल्लू तसबीर न्यायला आला. कागद सोडला आणि उभाच राहिला. "आई," एवढंच म्हणाला. मग मला म्हणाला, "मावशी, मला ही खोक आठवत होती गं. रोज बघत होतो की. तरी कसं कळलं नाही?" मी त्याला सांगितलं, रोज बघतो म्हणूनच. ती तसबीर आज त्याच्या भिंतीवर आहे.

त्यानंतर पेंटरनं दारावरच्या पाटीवरची दुसरी ओळ रंगानं बुजवली. येईल त्याला पहिलं विचारायचा, "खूण काय?" चामखीळ, पुढचा तुटका दात, भाजल्याचा डाग, काही असो, पहिल्यांदा ते काढायचा आणि मग चेहरा. लोक चिडायचे. एक जण म्हणाला, वडिलांना सूट घाला. पेंटर म्हणाला, "घातलते का कधी?" "नाही." "मग ते वर जाऊन सुटात अवघडून बसतील, घरी कसे येणार?" गिऱ्हाईक गेलं. पेंटर हसत बसला. गिऱ्हाइकं बरीच गेली. मोबाइलवर एका मिनिटात चित्र होऊ लागलं, तशी अजून गेली. मी कधीमधी भाकऱ्या घेऊन जायची. त्या तो कुरकुर खायचा आणि चुरा पाटीवर पडला की ओरडायचा, जणू मीच पाडला.

माझी ती हारवाली तसबीर तो टाकून द्यायला निघाला होता. मी घरी आणली. ट्रंकेत उपडी ठेवली आहे. सुनेला बजावलं आहे की ती लावायची नाही. पेंटरनं नंतर माझा दुसरा फोटो घेऊन खरी केली आहे, सुरकुत्यांसकट. बघून मी म्हणाले, "लई म्हातारी केलास." तो म्हणाला, "मी कुटं केलो?"

मागच्या उन्हाळ्यात पेंटर गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. मला कळलं तेव्हा उन्हात तशीच गेले. घर दोन खोल्यांचं, माणसांनी भरलेलं. भिंतीवर त्याची तसबीर लागली होती.

दुसऱ्यांदा माझे पाय गार पडले.

चेहरा गुळगुळीत. एक व्रण नाही. गाल केळीच्या पानासारखे तुकतुकीत, आणि त्या गालांना आणि मागच्या भिंतीला एकाच तऱ्हेचे फटकारे. बायका म्हणत होत्या, किती छान दिसतात. त्याची लेक पद्मा माझ्याजवळ आली. म्हणाली, "अम्मा, अप्पाचा फोटो मोबाइलमध्ये टाकले, लगेच करून दिलं."

मी विचारलं, "हा कोण?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तसबिरीकडे वळली, आणि मल्लूचं झालं होतं तसं तिचं तोंड झालं. ज्या माणसानं शेवटची वर्षं लोकांच्या खुणा शोधण्यात घालवली, त्याच्याच घरात त्याची खूण एका मिनिटात पुसली गेली होती. आणि पुसणारी त्याचीच लेक. मला तिचा राग आला नाही. मी कोण राग करणारी?

"तुला येतं का त्याचं काम?"

"थोडं. लहानपणी शेजारी बसायची."

"मग चल."

आम्ही दोघी दुकानात गेलो. आत उकाडा, पंखा आवाज करत होता. तिनं कॉम्प्युटर लावला, बापाचा साधा फोटो घेतला, पेन धरलं. मी म्हणाले, "गाल गोल." ती म्हणाली, "माहीत आहे." मग मी स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. नाकाशेजारी एक मोठा. त्याच्या खाली दोन, जोडीनं. हनुवटीवर एक, तो खोल. ती एकेक व्रण करत गेली. संध्याकाळपर्यंत बसलो.

शेवटचा झाला तशी पद्मानं पेन शर्टाला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि पुढे वाकून काचेवर फुंकर घातली. तिचं तिला कळलंसुद्धा नाही. मग तिनं बापाच्या गालाला लावायला बोट पुढे केलं.

मी तिचं मनगट धरलं. म्हणाले, "उद्या. अजून ओलं आहे."